महाह्रदावरचा धूर : लोकविज्ञान, जीवाणू आणि कोरमंगलाचे पाणी

न्यायशास्त्राशी ज्यांचा प्राथमिक परिचय आहे त्यांना पर्वत, धूर आणि अग्नी यांचे उदाहरण नव्याने सांगण्याची गरज नाही. पर्वतावर धूर दिसतो, त्याअर्थी तेथे अग्नी असला पाहिजे, हे ते अनुमान. त्याच्या पुष्टीसाठी दोन दृष्टान्त दिले जातात. जेथे धूर तेथे अग्नी, जसे स्वयंपाकघर. आणि जेथे अग्नी नाही तेथे धूरही नाही, जसे एखादे विस्तीर्ण सरोवर. अन्नंभट्टाच्या सतराव्या शतकातील ‘तर्कसंग्रहा’त या दुसऱ्या दृष्टान्तासाठी ‘महाह्रद’ हा शब्द येतो. विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनी तो पाठ केला. सरोवराला आग लागत नाही हे इतके उघड होते, की त्याविषयी शंका घेण्याचे कारणच नव्हते.

बंगळूरच्या आग्नेय भागातील बेळ्ळंदूर तलावाने हा दृष्टान्त अडचणीत आणला. मे २०१५ मध्ये तलावावरच्या फेसाने पेट घेतला. फेब्रुवारी २०१७ मध्ये पुन्हा आग लागली. जानेवारी २०१८ मधील आग विझविण्यासाठी लष्कराच्या जवानांना पाचारण करावे लागले. कोणी काटेकोर नैयायिक म्हणेल, की जळले ते पाणी नव्हे. जळला तो फेस, त्यातील तेलकट द्रव्ये, काठावरचा कचरा, वाळलेले गवत आणि जलपर्णी, आणि गाळातून वर येणारा मिथेन वायू. त्याचे म्हणणे बरोबर आहे. परंतु मग पुढचा प्रश्न उरतोच : या सरोवरात पाण्याखेरीज एवढे काय साचले आहे, आणि ते जाणण्याचा अधिकार व साधन कोणाकडे आहे?

या प्रश्नाच्या उत्तराचा एक भाग ज्याला आज ‘स्वतः करून पाहण्याचे जीवशास्त्र’ किंवा अधिक परिचित शब्दात ‘लोकविज्ञान’ म्हणतात त्यात सापडतो. प्रयोगशाळेशी संबंध नसलेली माणसे स्वस्त साधनांनी पाण्यातील जीवाणूंचा माग काढतात आणि त्यावरून प्रदूषणाविषयी काही विधान करतात. हे विधान कोणत्या प्रकारचे असते, ते कोठवर टिकते आणि कोठे मोडते, हे समजावून देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. विषय विज्ञानाचा असला तरी त्याचा गाभा चिन्हाच्या वाचनाचा आहे. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकांपुढे तो मांडण्याचे प्रयोजन तेवढेच.

खोऱ्याचे नाव

कोरमंगला हे नाव आज मराठी वाचकाला ऐकून माहीत असते ते संगणक व्यवसाय, नवउद्योग आणि उपाहारगृहे यांच्यामुळे. परंतु जलशास्त्राच्या नकाशावर कोरमंगला ही वसाहत नसून एक खोरे आहे. बंगळूर शहर उंचवट्यावर वसलेले असल्यामुळे त्याचे पाणी वेगवेगळ्या दिशांना उतरते. त्यातील कोरमंगला-चल्लघट्टा, हेब्बाळ आणि वृषभावती ही प्रमुख खोरी होत. पैकी कोरमंगला-चल्लघट्टा खोऱ्याचे पाणी बेळ्ळंदूर आणि वर्तूर या तलावांतून पुढे दक्षिण पिनाकिनी नदीला मिळते. पूर्वी हे पाणी एका तलावातून दुसऱ्यात नेण्यासाठी कालवे होते. कन्नडमध्ये त्यांना ‘राजकालुवे’ म्हणतात. नावात राजा असलेल्या या कालव्यांतून आज बव्हंशी सांडपाणी वाहते.

कोरमंगलाच्या चौथ्या ब्लॉकलगत ‘एस. टी. बेड’ नावाची वसाहत आहे. ही आद्याक्षरे ‘श्रीनिवागिलु टँक’ या शब्दांची आहेत. तलावाच्या तळावर घरे झाली, तलाव नाहीसा झाला, आणि त्याचा तळ तेवढा संक्षेपरूपाने पत्त्यात राहिला. ऑगस्ट २०१७ मधील मुसळधार पावसात या वसाहतीत पाणी शिरले, तेव्हा त्या संक्षेपाचा अर्थ अनेकांना कळला असावा. स्थलनामांचा अभ्यास करणाऱ्यांनी अशा आद्याक्षरांकडे अधिक लक्ष द्यावयास हवे, असे मला वाटते.

खोऱ्याच्या तळाशी असलेला बेळ्ळंदूर तलाव सुमारे ९०० एकरांचा. त्याच्यावरील फेसाचे कारण भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी अनेक वर्षांच्या निरीक्षणातून उलगडले आहे. घराघरांतील कपडे-भांडी धुण्याच्या साबणचुऱ्यांमध्ये फेस आणणारी द्रव्ये असतात. सांडपाण्याबरोबर ती तलावात येतात. तलावातून पाणी सरकत जाण्यास दहा ते पंधरा दिवस लागतात. या काळात प्राणवायूच्या अभावी सेंद्रिय घाणीचा काही भाग कुजून नाहीसा होतो, परंतु फेसद्रव्ये तशी विघटित होत नाहीत. ती गाळाच्या कणांना चिकटून तळाशी बसतात. जोराचा पाऊस झाला, की गाळ ढवळला जातो, साठलेली द्रव्ये पाण्यात परत येतात, आणि तलावाच्या सांडव्यावरून पाणी खाली कोसळताना त्यात हवा कोंडून फेस उसळतो. पावसाने वाहून आणलेल्या कणांतील काही जीवाणू हा फेस टिकाऊ करण्यास हातभार लावीत असावेत, असेही या अभ्यासकांना आढळले. म्हणजे कोरमंगलाच्या एका मोरीत सोडलेली साबणाची बादली आणि वर्तूरच्या रस्त्यावर वाऱ्याने उडणारा फेस यांच्यामध्ये जीवाणूंचे एक जग आहे, आणि ते डोळ्यांना दिसत नाही.

मृद्गंध आणि त्याचे दुसरे टोक

‘स्वतः करून पाहण्याचे जीवशास्त्र’ ही चळवळ २००८ मध्ये अमेरिकेतील केंब्रिज येथे संघटित रूपात पुढे आली असे मानले जाते. जनुकशास्त्राची साधने स्वस्त झाली, तेव्हा संगणकाप्रमाणे तीही घरात, गॅरेजमध्ये, सामूहिक कार्यशाळेत आणावी, अशी ती कल्पना. बंगळूरमध्ये ही कल्पना आली ती वेगळ्या दाराने. २००९ मध्ये माद्रिद येथील एका कार्यशाळेनंतर अँडी ग्रेसी, मार्क ड्युसेलर आणि बंगळूरचे यशस शेट्टी यांनी ‘हॅकटेरिया’ या नावाने एक जाळे उभे केले. कलावंत, शिक्षक, हौशी जीवशास्त्रज्ञ यांनी एकत्र येऊन साधने बनवावीत आणि त्यांची कृती सर्वांना खुली ठेवावी, हा त्याचा उद्देश. संगणकाला जोडण्याच्या साध्या कॅमेऱ्याचे भिंग उलटे बसवून सूक्ष्मदर्शक तयार करणे ही त्यांच्या कार्यशाळांतील एक परिचित कृती आहे.

त्याच वर्षी बंगळूरच्या सृष्टी या कला व अभिकल्प विद्यालयातील विद्यार्थ्यांनी, राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातील शास्त्रज्ञांच्या साहाय्याने, आंतरराष्ट्रीय संश्लेषी जीवशास्त्र स्पर्धेत भाग घेतला. त्यांचा विषय होता पावसाचा वास. पहिल्या पावसानंतर मातीला जो वास येतो त्याचा मोठा भाग जिओस्मिन नावाच्या संयुगाचा असतो, आणि ते मातीतील स्ट्रेप्टोमायसिस वर्गातील जीवाणू तयार करतात. या संयुगाचे नामकरण १९६५ मधील. विद्यार्थ्यांनी जिओस्मिन बनविण्याचे जनुक प्रयोगशाळेतील ई-कोलाय जीवाणूत घालण्याचे काम हाती घेतले. आतड्यात राहणाऱ्या जीवाणूला पावसाचा वास यावा, ही कल्पना वैज्ञानिकाइतकीच कवीलाही सुचण्याजोगी आहे.

मराठीला ‘मृद्गंध’ हा शब्द नवा नाही; विंदा करंदीकरांच्या १९५४ मधील काव्यसंग्रहाचे ते शीर्षक आहे. इंग्रजीत मात्र या वासासाठी स्वतंत्र शब्द बनला तो १९६४ मध्ये, इसाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड टॉमस या ऑस्ट्रेलियातील दोन रसायनशास्त्रज्ञांनी ‘पेट्रिकोर’ असे नाव दिले तेव्हा. कोरड्या मातीपासून अत्तर काढण्याच्या उत्तर भारतातील उद्योगाचा उल्लेख त्यांनी केलेला आहे. कनौजचे अत्तरवाले ‘मिट्टी का अत्तर’ गाळीत होते आणि विज्ञानाला त्याचे नाव शोधावयाचे होते. तौलनिक अभ्यासात अशा उलट क्रमाची उदाहरणे वारंवार भेटतात.

तथापि या वासाला दुसरेही टोक आहे. जलाशयातील काही नीलहरित जीवाणूही जिओस्मिन तयार करतात, आणि तेव्हा नळाच्या पाण्याला मातकट चव येते. पाणीपुरवठा करणाऱ्या यंत्रणांच्या दृष्टीने तो तक्रारीचा विषय होतो. जिओस्मिन एका लिटरमध्ये ग्रॅमचे काही अब्जांश इतके असले तरी माणसाचे नाक ते ओळखते. एकच रेणू जमिनीवर काव्य आणि पेल्यात दोष ठरतो. वासावरून पाण्याचा निवाडा करणे किती निसरडे आहे याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. कारण मातकट वासाचे पाणी आरोग्याला अपायकारक असेलच असे नाही, आणि ज्या पाण्याने कॉलरा होतो त्याला बहुधा कसलाच वास नसतो.

एक गोष्ट येथे स्पष्ट केली पाहिजे. जनुकांमध्ये फेरफार करण्याचे काम भारतात घरच्या घरी करता येत नाही. पर्यावरण संरक्षण अधिनियम, १९८६ खाली १९८९ मध्ये झालेल्या नियमांनुसार अशा सूक्ष्मजीवांची निर्मिती, वापर आणि साठवण यांसाठी ठरवून दिलेल्या समित्यांची मान्यता लागते. बंगळूरच्या विद्यार्थ्यांना राष्ट्रीय संस्थेचे दार उपयोगी पडले ते यामुळेही. गॅरेजमधील क्रांतीची अमेरिकी प्रतिमा जशीच्या तशी येथे आणून लावणारे लेखन वाचताना हे भान ठेवणे इष्ट. भारतातील नागरिकाच्या हाती जी जीवाणुपरीक्षा खरोखर आली ती याहून फार साधी आहे, आणि तिचा जन्म या चळवळीच्या सव्वीस वर्षे आधी ग्वाल्हेरमध्ये झाला.

काळी पडणारी बाटली

ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतील के. एस. मांजा, एम. एस. मौर्य आणि के. एम. राव यांनी १९८२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत एक छोटा शोधनिबंध प्रसिद्ध केला. दूरच्या ठाण्यांवर, जेथे प्रयोगशाळा नाही, वीज नाही, तेथे पिण्याच्या पाण्यात मैला मिसळला आहे काय हे कसे ओळखावे, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांनी सुचविलेली परीक्षा आज ‘हायड्रोजन सल्फाइड पट्टी’ या नावाने अनेक देशांत वापरली जाते. भारतात स्वयंसेवी संस्थांनी, शाळांनी आणि ग्रामीण पाणीपुरवठ्याच्या कार्यक्रमांनी ती आपलीशी केली.

तिची कृती अशी. पेप्टोन हे जीवाणूंचे अन्न, सोडियम थायोसल्फेट हे गंधकाचे संयुग, लोहयुक्त सायट्रेट, थोडे फॉस्फेट आणि टीपॉल नावाचे धुण्याचे द्रव्य यांचे द्रावण करावयाचे. शोषक कागदाचा घडी केलेला तुकडा त्यात भिजवून, निर्जंतुक बाटलीत ठेवून वाळवावयाचा. परीक्षेच्या वेळी बाटलीत खुणेपर्यंत, म्हणजे २० मिलिलिटर, पाणी भरावयाचे आणि ती ३० ते ३७ अंश तापमानात बारा ते अठरा तास ठेवावयाची. पाणी काळे पडले, तर त्यात मैला मिसळला असण्याची दाट शक्यता. बंगळूरच्या सौम्य हवेत, विशेषतः डिसेंबर-जानेवारीत, हा काळ लांबतो; तेथे चोवीस ते अठ्ठेचाळीस तास वाट पाहणे शहाणपणाचे.

रंग का बदलतो? आतड्यात राहणाऱ्या जीवाणूंपैकी काही जाती थायोसल्फेटमधील गंधकापासून हायड्रोजन सल्फाइड वायू तयार करतात. हा वायू लोहाशी संयोग पावतो आणि लोह सल्फाइडचा काळा साका तयार होतो. धुण्याचे द्रव्य घातलेले असते ते इतर जीवाणूंची वाढ दबून राहावी म्हणून.

येथे क्षणभर थांबावयास हवे. सांडपाण्याच्या नाल्यावरून जाताना सडक्या अंड्यासारखा जो वास येतो तो याच वायूचा. चांदीचे दागिने काळवंडतात ते याच वायूने. आणि बेळ्ळंदूरचा फेस ज्यामुळे होतो त्या द्रव्यांच्याच कुळातील एक द्रव्य या बाटलीतही आहे. गंधक, लोह, घाण, साबण आणि ऊब : राजकालुव्यात जे अनिर्बंध चालते तेच येथे २० मिलिलिटरमध्ये, नियमबद्ध रीतीने चालविले जाते. नाल्याकाठच्या रहिवाशाच्या नाकाला जे आधीच ठाऊक आहे, ते ही बाटली डोळ्यांना दाखविते. पण ती जेथे नाकाला काहीच कळत नाही अशा पाण्याबाबतही तेच दाखवू शकते. तिचे खरे मोल यात आहे. मात्र या वायूबाबत नाकावर विसंबणे धोक्याचेही आहे. त्याचे प्रमाण फार वाढले, की घ्राणेंद्रिय बधिर होते आणि वास येणे थांबते. वास नाही म्हणून वायू नाही, असे म्हणणाऱ्याचा जीव गेल्याच्या घटना गटारसफाईच्या इतिहासात आहेत.

आता लेखाच्या आरंभी सांगितलेल्या अनुमानाकडे वळू. बाटलीतील काळेपणा हा धूर, मैला हा अग्नी. परंतु या दोहोंमध्ये जे अंतर आहे ते पर्वतावरच्या धुरापेक्षा मोठे आहे. काळेपणा सुचवितो हायड्रोजन सल्फाइड. तो वायू सुचवितो त्याला निर्माण करणारे जीवाणू. ते जीवाणू सुचवितात आतड्यातील जीवाणुसमूह. तो समूह सुचवितो मैला. आणि मैला सुचवितो रोगजंतू असण्याची शक्यता. प्रत्येक पायरीवर एक वस्तू दुसरीच्या जागी उभी आहे. काव्यशास्त्रातील लक्षणेचे प्रसिद्ध उदाहरण गंगेवर वसलेल्या गवळीवाड्याचे आहे. तेथे प्रवाहाच्या जागी तीर घ्यावयाचे असते, कारण दोन्हींत सामीप्य आहे. या बाटलीतही सारा व्यवहार सामीप्याचाच आहे. आश्चर्य असे, की मैल्याचा प्रमुख निदर्शक म्हणून ज्याचे नाव सर्वत्र घेतले जाते तो ई-कोलाय जीवाणू स्वतः सहसा हा वायू तयार करीत नाही. बाटली काळी करतात ते सिट्रोबॅक्टर, प्रोटियस, साल्मोनेला, क्लॉस्ट्रिडियम यांच्यापैकी कोणी. साक्ष देणारा एक आणि आरोपपत्रात नाव दुसऱ्याचे, असा हा प्रकार.

जेथे सामीप्य आहे तेथे व्यभिचारही आहे. हा शब्द मी न्यायशास्त्रीय अर्थाने वापरतो : हेतू असूनही साध्य नसणे. काही भूजलात नैसर्गिकरीत्याच सल्फाइड असते; काही ठिकाणी सल्फेटवर जगणारे, मातीतलेच जीवाणू असतात, आणि त्यांचा मैल्याशी संबंध नसतो. अशा कूपनलिकेचे पाणीही बाटली काळी करील. जागतिक आरोग्य संघटनेसाठी मार्क सॉब्सी आणि फ्रेडरिक फेंडर यांनी २००२ मध्ये या परीक्षेचे जे मूल्यमापन केले त्यात हा आक्षेप ठळकपणे येतो. तिचा लोकशिक्षणातील उपयोग मान्य करूनही, केवळ तिच्या आधारे पाण्याला निर्दोष वा सदोष ठरविण्याबाबत त्यांनी सावधगिरीचा इशारा दिला.

उलट बाजूही आहे. नैयायिक तापलेल्या लोखंडी गोळ्याचे उदाहरण देतात : तेथे अग्नी आहे, धूर नाही, कारण धुरासाठी ओल्या इंधनाचा संयोग लागतो. ही अट म्हणजे ‘उपाधी’. पट्टीच्या परीक्षेतील ओले इंधन म्हणजे ऊब, वेळ आणि त्या विशिष्ट जाती. बाटली थंड राहिली, पाण्यात क्लोरीनचा अंश शिल्लक राहिला, किंवा दूषित करणारे विषाणू असले आणि जीवाणू थोडे असले, तर दूषित पाणीही निवळशंख राहते. शिवाय भारतीय मानकानुसार पिण्याच्या १०० मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय आढळता कामा नये. बाटलीत जाते त्याचा पाचवा भाग. न काळवंडलेली बाटली ‘पाणी शुद्ध आहे’ असे कधीही म्हणत नाही. ती एवढेच म्हणते, की या वेळी, या वीस मिलिलिटरमध्ये, काळे करणारे कोणी वाढले नाही. लोकविज्ञानाच्या उत्साही कार्यक्रमांत सर्वाधिक घोटाळा होतो तो या नकारात्मक वाक्याच्या वाचनात.

कोठे पाहावे

या मर्यादा लक्षात घेतल्या म्हणजे कोरमंगलामध्ये ही परीक्षा कोठे करावी याचे उत्तर आपोआप येते. राजकालुव्याच्या पाण्यावर ती करण्यात अर्थ नाही. ते काळे होणारच; उत्तर आधीच ठाऊक असलेला प्रश्न विचारण्याचा तो प्रकार होईल, आणि छायाचित्रापलीकडे त्याचा उपयोग नाही. परीक्षा हवी ती जेथे उत्तर अनिश्चित आहे तेथे : इमारतीची कूपनलिका, जमिनीखालची टाकी, गच्चीवरची टाकी, आणि टँकर. मार्च २०२४ मध्ये बंगळूरमध्ये पाण्याची तीव्र टंचाई झाली, अनेक कूपनलिका आटल्या आणि पाण्याच्या टँकरांवरील अवलंबन वाढले. टँकरचे पाणी कोठल्या जमिनीतून उपसले, हे ग्राहकाला सहसा कळत नाही.

चार ठिकाणच्या चार बाटल्या एकाच दिवशी लावल्या, तर त्यांचा एकत्रित अर्थ एका बाटलीहून कितीतरी अधिक असतो. नळाचे पाणी स्वच्छ, खालच्या टाकीचे काळे : म्हणजे दोष टाकीच्या भेगेत किंवा शेजारून जाणाऱ्या गटारात. खालची स्वच्छ, वरची काळी : म्हणजे झाकण, पक्षी, साफसफाई. हेच निरीक्षण पावसाळ्याच्या आधी आणि नंतर केले, तर तलावाच्या तळावर वसलेल्या वसाहतींविषयी बरेच काही कळू शकते. पाणी दसपट, शतपट विरळ करून अनेक बाटल्या लावल्या, तर किती काळ्या झाल्या यावरून जीवाणूंच्या संख्येचा संभाव्य अंदाजही बांधता येतो. नदी-तलावांच्या वर्गीकरणात केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ वापरीत असलेला ‘संभाव्यतम संख्ये’चा निकष याच तत्त्वावर उभा आहे. स्नानासाठी योग्य पाण्यात दर १०० मिलिलिटरला कोलिफॉर्मची ही संख्या ५०० पेक्षा अधिक नसावी, असे तो वर्गीकरणाचा तक्ता सांगतो.

काळ्या पडलेल्या बाटलीत आता मूळच्या पाण्यापेक्षा कितीतरी अधिक जीवाणू आहेत, हेही विसरता कामा नये. ती लहान मुलांच्या हाती देऊ नये. टाकण्यापूर्वी तिच्यात ब्लीचिंग पावडरचे कडक द्रावण घालून काही काळ ठेवावे किंवा ती उकळावी.

आप्त कोण?

समजा, या साऱ्या दक्षता घेऊन कोरमंगलाच्या एखाद्या गृहसंस्थेने वर्षभर नोंदी ठेवल्या. त्या नोंदींना काय किंमत आहे? कायद्याचे उत्तर कोरडे आहे. पर्यावरण संरक्षण अधिनियमाच्या अकराव्या कलमाप्रमाणे नमुना अधिकृत व्यक्तीने, जागेच्या धारकाला सूचना देऊन, बंद व मोहोरबंद पात्रात, दोघांच्या सह्यांनिशी घ्यावयाचा असतो आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवावयाचा असतो. तसे न केल्यास त्याच्या पृथक्करणाचा निष्कर्ष पुरावा म्हणून स्वीकारला जात नाही. ही तरतूद अन्याय्य नाही. मोहोर नसलेली बाटली कोणीही कोठूनही भरून आणू शकतो. परंतु त्याच अधिनियमाच्या एकोणिसाव्या कलमाने नागरिकालाही, साठ दिवसांची पूर्वसूचना देऊन, न्यायालयात तक्रार करण्याचा अधिकार दिला आहे. नागरिकाची वही या दोन कलमांच्या मधल्या जागेत आहे. ती पुरावा नाही. पुरावा कोठे शोधावा हे सांगणारे ते निवेदन आहे. बेळ्ळंदूरच्या आगीची २०१७ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने स्वतःहून दखल घेतली तीही कोणा प्रयोगशाळेच्या अहवालावरून नव्हे, तर प्रसिद्ध झालेल्या वृत्तांवरून. आग सर्वांना दिसली. जीवाणू दिसत नाहीत, म्हणून वहीची गरज अधिक.

न्यायदर्शनात शब्द हे प्रमाण मानले आहे ते आप्ताच्या शब्दामुळे. आप्त कोण, याचे वात्स्यायनाने दिलेले लक्षण फार उदार आहे : ज्याने वस्तू प्रत्यक्ष जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याला इच्छा आहे तो. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेंच्छ या तिघांना सारखेच लागू पडते, असेही तो स्पष्ट करतो. पदवी, जात, पद यांचा त्यात उल्लेख नाही. मात्र दोन अटी आहेत, आणि दुसरी अट पहिलीइतकीच कठीण आहे. टँकरवाल्यावर राग आहे म्हणून काळ्या तीन बाटल्या नोंदविणारा आणि न काळवंडलेल्या पाच वगळणारा रहिवासी पहिली अट पुरी करतो, दुसरी नाही. लोकविज्ञानाच्या विरोधकांचा जो मुख्य आक्षेप आहे, की चळवळीची माणसे हवे तेच पाहतात, त्याचे उत्तर स्वस्त साधनात नाही. ते वगळलेल्या पाच बाटल्यांच्या नोंदीत आहे.

इब्सेनचे ‘लोकशत्रू’ हे नाटक या संदर्भात आठवते. १८८२ मध्ये लिहिलेल्या या नाटकातील डॉक्टर स्टॉकमन स्नानगृहांच्या पाण्याचा नमुना विद्यापीठाकडे पाठवितो. उत्तराचे पत्र येते आणि त्यातील जंतूंच्या उल्लेखाने गावाचे अर्थकारण धोक्यात येते. सत्यजित राय यांनी १९८९ मध्ये ‘गणशत्रू’त हीच कथा बंगालमधील एका देवस्थानाकडे नेली, तेथे दूषित होते ते देवळातील तीर्थ, आणि नमुना जातो तो कलकत्त्याला. दोन्हीकडे रचना सारखी आहे. जाणणारा एकटा, न जाणणारे बहुसंख्य, आणि सत्य दूरच्या शहरातून लखोट्यात येणारे. राय यांनी शेवटी तरुणांचा एक गट डॉक्टरच्या बाजूने उभा केला, परंतु त्या तरुणांनीही पाणी स्वतः तपासलेले नाही. ते डॉक्टरवर विश्वास ठेवतात, एवढेच. नाटकाच्या बरोबर शंभर वर्षांनी ग्वाल्हेरची बाटली आली. लखोटा मध्ये न येता गावकऱ्यांच्याच कपाटात पाणी काळे पडले असते, तर स्टॉकमनचे एकाकीपण टिकले असते काय? मला वाटते, नाटकाचा संघर्ष नाहीसा झाला नसता; तो जागा बदलून बसला असता. पाणी खराब आहे की नाही, यावरून भांडण न होता, काळी बाटली नोंदवावयाची की नाही, यावरून झाले असते. स्नानगृहांवर उदरनिर्वाह असलेला गावकरी स्वतःच्या बाटलीविषयीही साशंक राहू शकतो, आणि त्याला त्यासाठी सॉब्सी-फेंडर यांचा अहवाल उपयोगीही पडला असता.

ग्रामीण भागात या नोंदीला अलीकडे एक अधिकृत रूप मिळाले आहे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातील पाच स्त्रियांना पाणी तपासण्याच्या संचाचे प्रशिक्षण द्यावे, अशी योजना आहे. जीवाणूंसाठी बाटली आणि क्षार, नायट्रेट, फ्लोराइड यांसाठी रंगबदलाच्या परीक्षा, असे या तपासणीचे सर्वसाधारण स्वरूप. परीक्षेचा निष्कर्ष त्यांनी नोंदवावयाचा असतो, आणि सदोष आढळलेला नमुना पुढे प्रयोगशाळेकडे जातो. म्हणजे स्त्रीचा शब्द येथे पहिली पायरी म्हणून स्वीकारला गेला आहे. कोरमंगलासारख्या नागरी वस्तीला ही योजना लागू नाही. तेथील गृहसंस्था खाजगी प्रयोगशाळेला पैसे देतात, अहवाल सूचनाफलकावर लावतात, आणि त्यातील ‘आढळले नाही’ हे दोन शब्द बहुतेकांना पुरेसे वाटतात. नमुना कोणत्या टाकीतून, किती वाजता, कोणी घेतला आणि तो प्रयोगशाळेत पोचेपर्यंत किती वेळ गेला, हे त्या अहवालाच्या बारीक अक्षरांत असते.